एकच बाइट तीस वेळा

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली, तेव्हा तिच्यातल्या कोडच्या ओळींचा जाहीर झालेला आकडा होता १,४६,३२,९१,१८६. भागाकार केला तर जिल्ह्यातल्या दर माणशी, अगदी तान्ह्या बाळामागेही, १,२१९ ओळी येतात. या ओळी ६९,८३० पॅकेजेसमध्ये बांधलेल्या आहेत. त्यांची देखभाल करणारे अधिकृत डेव्हलपर जगभरात मिळून हजाराच्या आसपास आहेत. बाकी मदत करणारे हजारो स्वयंसेवक वेगळे.

हे आकडे थक्क करणारे असले तरी साकोली किंवा पवनीत बसून ज्याला पंचवीस-तीस संगणक चालते ठेवायचे आहेत, त्याच्या कामाचे नाहीत. त्याच्या कामाचे आकडे तीनच: एकच फाइल इंटरनेटच्या तारेवरून किती वेळा येते, आपल्या आवृत्तीची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहे, आणि आलेल्या फाइलवर कोणाकोणाची सही आहे. पॅकेज आणि रिपॉझिटरी यांचा सगळा कारभार मला या तीन आकड्यांभोवती फिरताना दिसतो, आणि आपल्याकडे त्यातला पहिलाच कोणी मोजत नाही.

आधी पाया. पॅकेज म्हणजे एक बांधलेला संच. त्यात प्रोग्रामच्या फाइली असतात, आवृत्तीचा क्रमांक असतो आणि हा प्रोग्राम चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतील याची यादी असते. रिपॉझिटरी म्हणजे अशा पॅकेजेसचा साठा, त्या साठ्याची सूची आणि त्या सूचीवरची सही. डेबियनची घोषणा इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. पॅकेज उलगडून बसवणारं डीपीकेजी हे साधन लगेच १९९४ मध्ये आलं. पण डीपीकेजी फक्त समोर ठेवलेलं पॅकेज बसवतं. त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस शोधून, उतरवून, योग्य क्रमाने लावणारं ॲप्ट सर्वांच्या हाती पडलं ते मार्च १९९९ मध्ये, डेबियन २.१ सोबत. रेड हॅटच्या बाजूला आरपीएम १९९५ पासून आहे, पुढे त्यावर यम आलं आणि २०१५ पासून फेडोरात त्याची जागा डीएनएफने घेतली. नावं वेगळी, काम तेच. उबुंटू आणि आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स ही दोन्ही डेबियनच्याच घराण्यातली असल्यामुळे पुढचा हिशेब मी त्याच बाजूने मांडतो.

डेबियनच्या लागोपाठच्या चार आवृत्त्या पाहू.

| आवृत्ती | वर्ष | एकूण पॅकेजेस | नव्याने आलेली | काढून टाकलेली |
|---|---|---|---|---|
| डेबियन १० | २०१९ | ५७,७०३ | १३,३७० | ७,२७८ |
| डेबियन ११ | २०२१ | ५९,५५१ | ११,२९४ | ९,५१९ |
| डेबियन १२ | २०२३ | ६४,४१९ | ११,०८९ | ६,२९६ |
| डेबियन १३ | २०२५ | ६९,८३० | १४,१०० | ८,८४० |

शेवटचे दोन रकाने 'इतक्याहून अधिक' अशा स्वरूपात जाहीर होतात, त्यामुळे बेरीज-वजाबाकी शेकड्याच्या घरात थोडी सरकते. पण कल स्पष्ट आहे. २०१९ ते २०२५ या काळात साठा १२,१२७ ने वाढला, असं एकूण आकड्यांवरून दिसतं. प्रत्यक्षात या तीन आवृत्त्यांत मिळून ३६,४८३ पॅकेजेस आली आणि २४,६५५ गेली. तीन आली तर दोन गेली. डेबियन १२ मधली साधारण दर सात पॅकेजेसपैकी एक तेराव्या आवृत्तीत उरलेलं नाही. आणि जी आहेत त्यांतली ४४,३२६, म्हणजे एकूण साठ्याच्या ६३ टक्के, दोन वर्षांत बदललेली आहेत.

रिपॉझिटरीचा विचार करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भरलेलं गोदाम येतं. हा तक्ता सांगतो की तिथे आवक मोठी तशी जावकही मोठी. ज्या पॅकेजला सांभाळणारा उरला नाही, ज्याच्या मूळ लेखकाने काम सोडलं, ज्यातली चूक कोणी दुरुस्त करत नाही, ते निर्दयपणे बाहेर काढलं जातं. ही जावक हीच या व्यवस्थेची सचोटी आहे असं मी मानतो. पण तिचा अर्थ असाही होतो की एकदा बसवलं आणि विसरलं, हे इथे चालत नाही.

हे भंडाऱ्यात कोणाला लागू होतं? सगळ्यात ठळक उदाहरण न्यायालयांचं आहे. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात देशभरातली १४,२४९ न्यायालयं संगणकावर आली. २०१५ ते २०२३ या दुसऱ्या टप्प्यासाठी १,६७० कोटी रुपये मंजूर होते आणि त्याअखेर हा आकडा १८,७३५ वर गेला. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली, आणि न्यायालयांतल्या संगणकांसाठी उबुंटू स्वीकारलं गेलं. न्यायिक अधिकारी आणि कर्मचारी यांच्यासाठी 'उबुंटू-कम-सीआयएस' या नावाने प्रशिक्षणंही झाली. भंडाऱ्याचं जिल्हा न्यायालय आणि त्याखालची तालुक्यांची न्यायालयं याच प्रकल्पात येतात. म्हणजे तारीख विचारायला आलेला माणूस खिडकीशी उभा राहतो, तेव्हा त्याचं उत्तर ज्या यंत्रणेतून येतं तिची मुळं मुक्त सॉफ्टवेअरच्या याच साठ्यांत आहेत. ही गोष्ट जिल्ह्यात फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि ती ठाऊक व्हायला हवी.

इथे दुसरा आकडा, तारखेचा, लगेच समोर येतो. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं सर्वसाधारण दुरुस्त्या मिळतात. १४.०४ ची मुदत एप्रिल २०१९ मध्ये संपली, १६.०४ ची एप्रिल २०२१ मध्ये, १८.०४ ची ३१ मे २०२३ रोजी, २०.०४ ची ३१ मे २०२५ रोजी. २२.०४ ला २०२७ पर्यंत आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत वेळ आहे. दुसरा टप्पा मात्र आठ वर्षं चालला. पाच वर्षांची आवृत्ती आठ वर्षांच्या प्रकल्पात बसवली की किमान एक स्थलांतर ठरलेलंच; यंत्र टप्प्याच्या सुरुवातीला १४.०४ घेऊन आलं असेल तर दोन. सरकारी खरेदीत संगणकाच्या हमीची तारीख नोंदवहीत असते, प्रिंटरच्या टोनरची असते. आवृत्तीच्या मुदतीची तारीखही त्याच नोंदवहीत, त्याच पानावर हवी. पैसे भरून उबुंटू प्रो घेतलं तर दुरुस्त्यांची मुदत आणखी वाढते, आणि वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ते फुकट आहे. घरच्या एखाद्या जुन्या संगणकाला हे पुरेसं आहे, पण तीस यंत्रांच्या संस्थेला नाही.

दोन दीर्घ आवृत्त्यांच्या मधल्या काळात येणाऱ्या आवृत्त्यांना तर फक्त नऊ महिने मिळतात. ते संपले की काही दिवसांनी त्यांचा साठा जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवला जातो, आणि यंत्र ॲप्टला सूची मागतं तेव्हा '४०४, सापडलं नाही' असं उत्तर येतं. अनेक जण इथे इंटरनेट बिघडलं असं समजून मोडेम बंद-चालू करत बसतात. इंटरनेट ठीक असतं, साठ्याचा पत्ता बदललेला असतो. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या यंत्रावर अशी मधली आवृत्ती बसवू नये, हे मी ठामपणे सांगेन.

आता पहिला आकडा, ज्यावरून या लेखाचं शीर्षक आलं.

न्यायालय संकुलांना जोडणाऱ्या जाळ्याबद्दल केंद्र सरकारने दिलेले आकडे असे: २,९९२ पैकी २,९७७ ठिकाणं जोडली गेली आणि वेग १० ते १०० एमबीपीएस. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट. फाइलींचा आकार बाइटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून सेकंदाला प्रत्यक्षात फार तर सव्वा मेगाबाइट येतं. डेबियन १३ चा जाहीर आकार ४०३ जीबी आहे. एवढा साठा १० एमबीपीएसच्या तारेवरून, तार पूर्ण मोकळी आहे आणि लाईट एकदाही गेली नाही असं धरून, आणायचा तर ३ दिवस १८ तास लागतील. १०० एमबीपीएसवर ९ तास.

अख्खा साठा कोणालाच लागत नाही. पण काहीही बसवण्याआधी सूची मात्र लागते, आणि तिचं वजन कोणी विचारात घेत नाही. उबुंटू २२.०४ चा साठा चार भागांत विभागलेला आहे. 'मेन' या भागाची, म्हणजे ज्याची जबाबदारी उबुंटूमागची कॅनॉनिकल कंपनी घेते त्याची, सूची साधारण १.८ एमबी आहे. 'युनिव्हर्स' या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या भागाची १७.५ एमबी. 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'मल्टिव्हर्स' मिळून अर्ध्या एमबीपेक्षाही कमी. एकूण सुमारे १९.७ एमबी, आणि यात दुरुस्त्यांच्या सूच्या धरलेल्या नाहीत. नव्याने बसवलेल्या यंत्रावर पहिल्यांदा 'ॲप्ट अपडेट' केलं की एकही प्रोग्राम बसायच्या आत इतकं उतरतं. तीस यंत्रांवर केलं तर ५९० एमबी. १० एमबीपीएसवर आठ मिनिटं, नुसती यादी वाचण्यात. आणि तीसही यंत्रांवर उतरलेली यादी शेवटच्या बाइटपर्यंत सारखीच.

पुढचा हिशेब नमुन्यादाखल आहे. तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या महाविद्यालयात उबुंटूची तीस यंत्रं आहेत आणि महिन्याच्या दुरुस्त्या दर यंत्रामागे ३०० एमबी आहेत असं धरू. प्रत्येक यंत्राने आपापलं उतरवलं तर ९ जीबी. १० एमबीपीएसवर पूर्ण दोन तास, आणि त्या दोन तासांत दुसऱ्या कोणी इंटरनेटला हात लावायचा नाही. आता त्याच खोलीत एका जुन्या यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी हे पॅकेज बसवू. ते ३१४२ या पोर्टवर बसतं. बाकीच्या यंत्रांत एका ओळीची फाइल ठेवून त्यांना सांगायचं, की पॅकेज हवं असेल तर आधी याला विचार. पहिल्या यंत्राने मागितलेली फाइल बाहेरून येते आणि तिथेच साठवली जाते. उरलेल्या एकोणतीस यंत्रांना ती खोलीतल्या खोलीत मिळते. बाहेरच्या तारेवरून येणारा मजकूर ९ जीबीवरून ३०० एमबीवर, वेळ दोन तासांवरून चार मिनिटांवर. खोलीतलं जाळं गिगाबिटचं असेल तर आतले ९ जीबी वाटायला तत्त्वतः ७२ सेकंद पुरतात. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर बारा मिनिटं.

या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. इथल्या मालगुजारी तलावांनी पिढ्यानपिढ्या हेच केलं: पाणी एकदा गावाच्या डोक्याशी अडवायचं आणि मग प्रत्येक बांधीला तिथून द्यायचं.

हिशेब कागदावर इतका सोपा असताना प्रत्यक्षात प्रयोगशाळेचं इंटरनेट सकाळीच का गुदमरतं, त्याचं कारणही आकड्यांतच आहे. उबुंटू आणि डेबियनमध्ये दुरुस्त्या तपासणारं वेळापत्रक सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला लावलेलं असतं. सगळ्या जगाने एकाच क्षणी सर्व्हरवर धाव घेऊ नये म्हणून त्यात बारा तासांपर्यंतचा कसाही उशीर मिसळलेला असतो. दिवसरात्र चालू असलेल्या यंत्रांसाठी ही रचना उत्तम आहे. पण कॉलेजातली यंत्रं संध्याकाळी बंद होतात. चुकलेली वेळ भरून काढण्याची सूचना वेळापत्रकात असल्यामुळे सकाळी पहिल्या प्रात्यक्षिकाला सगळी यंत्रं चालू झाली की प्रत्येकाला तपासणीची घाई होते. मग सर म्हणतात नेट स्लो आहे, मुलं म्हणतात लिनक्स स्लो आहे. दोघांचंही निदान चुकतं. खोलीतला एक कॅशर हे दुखणं बरंचसं बरं करतो.

बरंचसं, पूर्ण नाही. कारण उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स ॲप्टच्या साठ्यातून येत नाही, स्नॅप या वेगळ्या स्वरूपात येतो. स्नॅप आपल्या सोबत लागणारं बरंच सामान घेऊनच फिरतो. फायरफॉक्सचा स्नॅप अडीचशे एमबीच्या आसपास आणि त्याला लागणारा ग्नोमचा सामायिक संच पाचशे एमबीच्या आसपास. दोन्ही इन्स्टॉलरबरोबरच यंत्रावर येतात, पण नवी आवृत्ती आली की पुन्हा उतरतात. फरकापुरता तुकडा उतरवण्याची सोय आहे, तरी पूर्ण संच उतरायची वेळ आली तर साडेसातशे एमबी गुणिले तीस, म्हणजे साडेबावीस जीबी, १० एमबीपीएसवर पाच तास. स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःहून तपासणी करतो. आणि ही वाहतूक ॲप्ट-कॅशर-एनजीच्या हातून जात नाही, तिला वेगळी व्यवस्था लागते. मजबूत इंटरनेटच्या शहरात बसून घेतलेला हा निर्णय लाखांदूरच्या तारेवर किती जड पडतो, याचा विचार त्यात झालेला मला दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेसाठी मी डेबियन सुचवतो. त्यात फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपात येतो आणि इतर सगळ्यांसारखा कॅशरमधून वाटला जातो. अडचण अशी की जिल्ह्यात दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञांच्या हाताला उबुंटू अधिक सवयीचं असतं. तेव्हा उबुंटूच ठेवायचं असेल तर स्नॅपच्या तपासणीची वेळ प्रात्यक्षिकांच्या बाहेर लावून घ्यावी. तशी सोय आहे.

जिथे तारच नाही तिथलं काय? रितेश राज सराफ या भारतीय डेबियन डेव्हलपरने ॲप्ट-ऑफलाइन नावाचं साधन लिहिलं आहे, आणि माझ्या मते आपल्या परिस्थितीसाठी इतकं नेमकं दुसरं पॅकेज नाही. इंटरनेट नसलेल्या यंत्रावर ते एक छोटी फाइल तयार करतं, तिच्यात त्या यंत्राला काय काय हवं आहे याची नोंद असते. ती पेनड्राइव्हवर घालून तालुक्याच्या ठिकाणी न्यायची, इंटरनेट असलेल्या यंत्रावर तेवढंच सामान उतरवायचं आणि परत आणून लावायचं. दुसऱ्या यंत्रावर विंडोज असलं तरी चालतं. परत आणलेली पॅकेजेस तपासूनच लागतात, म्हणजे पेनड्राइव्ह वाटेत कोणाकोणाच्या हातून गेला याची फार धास्ती नाही.

धास्ती का नाही, ते समजून घ्यायला तिसऱ्या आकड्याकडे, सहीकडे, यावं लागतं. साखळी अशी आहे. रिपॉझिटरीच्या मुख्य फाइलवर डेबियनची किंवा उबुंटूची डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये प्रत्येक सूचीचा २५६ बिटांचा ठसा असतो. सूचीत प्रत्येक पॅकेजचा तसाच ठसा असतो. पॅकेजमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते बसवायला नकार देतं. ही तपासणी २००७ च्या डेबियन ४.० पासून रुळली. म्हणूनच कानपूर आयआयटीचा आरसा-सर्व्हर, म्हणजे साठ्याची प्रत ठेवणारा सर्व्हर, असो, मद्रास आयआयटीचा असो, की खोलीतलं जुनं कॅशर यंत्र असो, मधल्यावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. विश्वास सहीवर असतो.

मग सही करणाऱ्याकडूनच चूक झाली तर? झालेली आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये एका देखभालकर्त्याने एक इशारा बंद करण्यासाठी बदल केला. त्यामुळे गुप्त किल्ल्या तयार करताना मिसळली जाणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. ज्या किल्लीच्या शक्यता मोजता येऊ नयेत, तिच्या दर प्रकारामागे फक्त ३२,७६७ शक्यता उरल्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर होईपर्यंत वीस महिने गेले होते.

दुसरी घटना चुकीची नव्हती, डावाची होती. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगली मदत करत त्या प्रकल्पात विश्वास मिळवला आणि २४ फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० या आवृत्तीत चोरवाट पेरली. ५.६.१ मध्येही ती होती. २९ मार्चला, चौतीस दिवसांनी, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने ती उघड केली. त्याच्या लक्षात काय आलं? यंत्रात दूरून प्रवेश करताना ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागत होते. अर्ध्या सेकंदाचा फरक एका माणसाला खटकला म्हणून जगभरातली यंत्रं वाचली. या धोक्याला मिळालेले गुण होते १० पैकी १०.

भंडाऱ्याच्या वाचकासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ती चोरवाट डेबियनच्या चाचणीच्या साठ्यात पोचली होती, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत पोचली होती, पण डेबियनच्या स्थिर साठ्यात नाही. तिथे ५.४.१ ही जुनी आवृत्ती होती. स्थिर साठ्यातली पॅकेजेस जुनी असतात ही लिनक्सवाल्यांची नेहमीची तक्रार. त्या चौतीस दिवसांत ते जुनेपणच ढाल ठरलं. नवी वैशिष्ट्यं हवीत म्हणून चाचणीचा साठा कार्यालयाच्या यंत्रावर जोडणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

अशीच सावधगिरी बाहेरच्या साठ्यांबाबतही हवी. एखादा प्रिंटर चालत नाही, कोणीतरी सांगतं की अमुक पीपीए, म्हणजे बाहेरच्या कोणाचा तरी साठा, जोडा, आपण दोन आज्ञा चिकटवतो आणि प्रिंटर चालू होतो. त्या दोन आज्ञांनी आपण एका अनोळखी माणसाची सही आपल्या यंत्रावर कायमची मान्य केलेली असते. डेबियनच्या पॅकेजमध्ये चार छोट्या स्क्रिप्ट असू शकतात: बसवण्याआधीची, बसवल्यानंतरची, काढण्याआधीची आणि काढल्यानंतरची. चारही यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराने चालतात. त्यामुळे बाहेरचा साठा जोडणं म्हणजे फक्त एक प्रोग्राम घेणं नव्हे, पुढे तो मालक जे जे पाठवील त्याला सर्वाधिकार देणं आहे. यंत्रावर किती बाहेरचे साठे जोडलेले आहेत ते वर्षातून एकदा तरी मोजावं. तो आकडा शून्य असेल तर उत्तम. तीनच्या वर गेला असेल तर त्यातला प्रत्येक कशासाठी जोडला होता हे सांगू शकेल असा माणूस संस्थेत आहे का, ते बघावं.

एक व्यावहारिक गोष्ट राहू नये. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते, आणि ती नेमकी दुरुस्त्या बसत असताना गेली तर पॅकेज अर्धवट अवस्थेत अडकतं. यंत्र परत चालू केल्यावर ॲप्ट पुढचं काहीच करायला तयार होत नाही. अशा वेळी अनेक जण सगळं पुसून नव्याने बसवतात, म्हणजे पुन्हा कित्येक जीबी. तसं करायचं कारण नाही. प्रत्येक पॅकेज कुठल्या पायरीवर आहे याची नोंद डीपीकेजी ठेवतं. 'डीपीकेजी' ला 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे दोन पर्याय देऊन चालवलं की ते अडलेल्या पायरीपासून पुढे जातं, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, त्यात चित्रमय खिडकीतून पॅकेजेस हाताळायला शिकवणारा सिनॅप्टिकचाही धडा आहे. ज्याला काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची भीती वाटते त्याने तिथून सुरुवात करावी.

मुक्त सॉफ्टवेअरमुळे वाचणाऱ्या पैशांच्या दाव्यांबद्दल सावध राहावं असं मला वाटतं. केरळने शाळांत मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम नेल्यावर २०१९ मध्ये ३,००० कोटी रुपये वाचल्याचं जाहीर झालं. तो आकडा २ लाख यंत्रं गुणिले प्रत्येकी दीड लाख रुपयांचं सॉफ्टवेअर असा आला होता. कोणतीही शाळा एका यंत्रावर दीड लाखाचं सॉफ्टवेअर विकत घेत नाही, त्यामुळे ती बचत छापील किमतींची आहे. केरळचं खरं कर्तृत्व त्या आकड्यापेक्षा मोठं आहे: त्यांनी शाळांसाठी स्वतःची आवृत्ती बांधली, तिच्यात कोणती पॅकेजेस असावीत हे अभ्यासक्रम पाहून ठरवलं आणि शिक्षकांना ती सांभाळायला शिकवलं. साठा दुसऱ्याचा, निवड आपली.

महाराष्ट्राने ही निवड करायची ठरवली तर मराठीचं सामान साठ्यात आधीच पडून आहे. डेबियनचा इन्स्टॉलर ७८ भाषांत चालतो, त्यांत मराठी आहे. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्यावर दिलेला आणि पुढे पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित देवनागरी हा टंक एका एमबीपेक्षाही लहान पॅकेजमध्ये मिळतो. लिबर ऑफिसचे मराठी मेनू वेगळ्या पॅकेजमध्ये आहेत, फायरफॉक्सचेही. फेडोरात तर 'लँगपॅक्स-एमआर' हे एक पॅकेज मागितलं की मराठीला लागणारं बाकीचं त्यामागून येतं. २०११ मध्ये ८,३०,२६,६८० लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या भाषेसाठी हे सगळं मूठभर लोकांनी उभं केलं आहे. वरच्या तक्त्यातला 'काढून टाकलेली' हा रकाना वाचताना माझ्या मनात हीच पॅकेजेस येतात, कारण सांभाळणारा गेला तर त्यांनाही तोच नियम लागू होतो.

ई-कोर्ट्सचा तिसरा टप्पा १३ सप्टेंबर २०२३ रोजी मंजूर झाला, ७,२१० कोटी रुपयांचा. त्यातला एकटा २,०३८.४० कोटींचा हिस्सा जुने-नवे कागद स्कॅन करून जपण्यासाठी आहे. भंडाऱ्याच्या न्यायालयांतल्या कागदांत मराठी भरपूर आहे: फिर्यादी, जबाब, पंचनामे, सातबारे. स्कॅन केलेलं पान हे नुसतं चित्र असतं; त्यातलं नाव किंवा गट क्रमांक शोधायचा तर चित्रातून अक्षरं काढावी लागतात. ते काम करणारं टेसरॅक्ट हे मुक्त पॅकेज डेबियनच्या आणि उबुंटूच्या साठ्यात आहे. ते बसवलं की सोबत इंग्रजीचा डेटा आपोआप येतो. मराठीचा येत नाही. त्यासाठी 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर' हे पॅकेज नाव घेऊन वेगळं मागावं लागतं.